समजून घ्या : चिठ्ठीवरची औषधे मोफत कुणाला? कार्ड कुठे लागते आणि कुठे नुसता केसपेपर पुरतो

कळंब (यवतमाळ) : बीपी-शुगरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सहसा बंद होत नाहीत. कापसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात, मेडिकलचे बिल मात्र दर महिन्याला येते. म्हणूनच ‘आयुष्मान कार्ड काढले, आता गोळ्या फुकट मिळतील ना?’ हा प्रश्न कार्ड काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात असतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आणि त्याच माणसाला त्याच गोळ्या कोणतेही कार्ड न दाखवता मोफत मिळू शकतात, हेही तितकेच खरे आहे. या दोन वाक्यांमधली गफलत अनेक घरांना महिन्याला काही शे रुपयांना पडते.

गोंधळ नेमका कशामुळे?

आपल्याकडे ‘औषधे मोफत मिळण्यास पात्र व्यक्ती’ अशी एकच यादी नाही. इंग्लंडमध्ये ती आहे. तिथे चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क असते, सध्या ९.९० पौंड. वय ६० च्या पुढे असेल, १६ च्या खाली असेल, किंवा मधुमेहासारख्या ठरावीक आजारांवर औषध सुरू असेल तर ते माफ. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हे शुल्कच काढून टाकले. तिथला रुग्ण कोणत्याही औषध दुकानात गेला तरी नियम बदलत नाही.

आपल्याकडे नियम दारागणिक बदलतो. तुम्ही कोणत्या इमारतीत शिरलात, तुम्हाला आजार कोणता आहे, तुम्ही भरती आहात की चिठ्ठी घेऊन घरी जाणार आहात, या तीन गोष्टींवर औषध मोफत की विकत हे ठरते. उत्पन्न आणि रेशनकार्ड त्यानंतर येते. लोक मात्र सुरुवात रेशनकार्डाच्या रंगापासून करतात.

कळंबच्या ग्रामीण रुग्णालयात कोण पात्र?

सगळेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा २,४१८ संस्था या निर्णयात येतात. केसपेपरचे पैसे, तपासणीचे पैसे आणि रुग्णालयातून मिळणाऱ्या औषधाचे पैसे, यांपैकी काहीही द्यावे लागत नाही. पिवळे, केशरी, पांढरे असा भेद नाही. शिक्षक, व्यापारी, शेतमजूर एकाच रांगेत. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत असेल तर तो या रांगेसाठी लागत नाही.

मग लोक जात का नाहीत? एक कारण साधे आहे. बीपी-शुगरचे निदान बहुतेकांचे खासगी डॉक्टरकडे झालेले असते आणि चिठ्ठी तिथली असते. ती चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर उभे राहिले तर गोळ्या मिळत नाहीत, कारण ती खिडकी फक्त तिथल्याच डॉक्टरने लिहिलेले औषध देते. पुष्कळ जण एकदा असे परत येतात आणि ‘तिथे काही मिळत नाही’ असे कायमचे ठरवून टाकतात. योग्य वाट अशी की बाहेरची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि सुरू असलेल्या गोळ्यांचे पत्ते घेऊन आधी ओपीडीत जायचे. केसपेपर काढायचा, तिथल्या डॉक्टरला दाखवायचे. त्यांनी केसपेपरवर लिहिले की खिडकीवरून औषध मिळते. गोळीचे नाव वेगळे असेल, रंग वेगळा असेल, कधी कधी गटही बदलेल. तो बदल डॉक्टरने केलेला असल्याने त्यात गैर काही नाही.

ओपीडीपर्यंतही जायची गरज नसते. गावातले उपकेंद्र आता बहुतेक ठिकाणी ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ नावाने ओळखले जाते. केंद्राच्या निकषांनुसार अशा उपकेंद्रात १०५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ प्रकारची औषधे असायला हवीत. बीपी आणि शुगरची नेहमीची औषधे त्यात आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी आणि नोंद अपेक्षित आहे, आणि नोंद झालेल्या रुग्णाला एका वेळी महिनाभराच्या गोळ्या देणेही अपेक्षित आहे. हा महिनाभराचा मुद्दा छोटा वाटतो, पण निर्णायक आहे. पाच दिवसांच्या गोळ्यांसाठी मेटीखेड्याकडच्या मजुराला पुन्हा पुन्हा कळंब गाठावे लागले, तर बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे मिळून ती गोळी बाजारातल्या गोळीपेक्षा महाग पडते. मोफत औषधाची खरी किंमत खिडकीवर दिसत नाही, ती रोजीत दिसते. त्यामुळे ‘माझी कार्यक्रमात नोंद करा आणि महिन्याचे औषध द्या’ हे वाक्य डॉक्टरसमोर किंवा आशाताईसमोर स्पष्ट बोलायला हवे.

यवतमाळला पाठवले की नियम बदलतो?

इथे एका शब्दाने घोळ केला आहे. यवतमाळ जिल्ह्यात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचे दुकानही आणि ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालयही. कळंबहून रेफर केलेला रुग्ण वीसेक किलोमीटरवरच्या या दुसऱ्या मेडिकलमध्ये, म्हणजे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो. १९८९ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. ऑगस्ट २०२३ चा निर्णय होता सार्वजनिक आरोग्य विभागाचा. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही ‘सरकारी’च, पण मंत्रालयात ती दोन वेगळी खाती आहेत आणि औषधाची तरतूदही वेगळी आहे.

त्यामुळे कळंबला एक पैसा न देता उपचार घेतलेल्या माणसाला पुढच्या रुग्णालयात केसपेपरपासून शुल्क लागू शकते. तिथे मात्र रेशनकार्डाचा रंग कामाचा ठरतो. दारिद्र्यरेषेखालील पिवळे कार्ड सोबत असेल तर ते नोंदणीच्या खिडकीवरच दाखवावे, बिल तयार झाल्यावर नाही. भरती केले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावे, कारण खाली सांगितलेली पाच लाखांची योजना तिथे लागू होऊ शकते. एकाच रुग्णाला एकाच आजारात वीस किलोमीटरवर वेगळा नियम लावणे हे धोरण म्हणून समर्थनीय नाही. ज्याचा आजार जास्त गंभीर, तोच रेफर होतो, आणि त्यालाच शुल्काच्या रांगेत उभे राहावे लागते.

मग पाच लाखांचे कार्ड कशासाठी?

भरती झाल्यावर लागणाऱ्या खर्चासाठी. राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. तेव्हा पिवळे आणि केशरी कार्ड असलेली कुटुंबे पात्र होती. यवतमाळसह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतले होते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला रंगाची अडचण तेव्हाही फारशी नव्हती, हे अनेकांना ठाऊक नव्हते.

आता चित्र आणखी सोपे आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्र झाली आणि १ जुलै २०२४ पासून नवी रचना लागू झाली. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, त्या वेळी १,३५६ उपचार, आणि पात्रता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना. पांढरे कार्ड, म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर असलेले कुटुंबही आले. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. सोबत फोटो ओळखपत्र लागते.

यात औषध कुठे येते? अंगीकृत रुग्णालयात भरती असताना लागणारी औषधे, सलाईन, शस्त्रक्रियेचे साहित्य पॅकेजमध्ये धरलेले असते. त्यासाठी बाहेरून औषध आणायला लावणे योजनेत बसत नाही. सुट्टी झाल्यावर १० दिवसांपर्यंतची औषधेही त्यात आहेत. ही शेवटची गोष्ट सुट्टीच्या घाईत राहून जाते. डिस्चार्ज कार्ड हातात पडले की नातेवाईक थेट एसटी स्टँडकडे निघतात आणि गोळ्या कळंबला येऊन विकत घेतात. सुट्टीच्या वेळी आरोग्यमित्राला ‘पुढच्या १० दिवसांचे औषध कुठे मिळेल?’ असे विचारले तर ते पैसे वाचतात.

डायलिसिस आणि कॅन्सरची केमोथेरपी यांत रुग्ण रात्री मुक्काम करत नाही, तरी हे उपचार योजनेत आहेत. काही मोजक्या आजारांत नंतरच्या पाठपुराव्याचे वेगळे पॅकेजही असते. पण दर महिन्याची बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप हे या कार्डावर मिळत नाही. औषध दुकानदाराला हे कार्ड दाखवण्याचा उपयोग नाही, आणि ‘नाही’ म्हणणारा दुकानदार फसवत नसतो.

७० वर्षांवरील सगळ्यांना औषधे मोफत, हे खरे का?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ मिळते. व्हॉट्सॲपवर याचा अर्थ पुढे पाठवता पाठवता ‘म्हाताऱ्या माणसांना सगळी औषधे फुकट’ असा होऊन जातो. तसे नाही. हेही भरती झाल्यावरचे पाच लाखांचेच संरक्षण आहे. कुटुंब आधीच योजनेत असेल तर घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळे पाच लाख, एवढा त्याचा फायदा, आणि तो मोठा आहे. या कार्डासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार पुरते. ‘आयुष्मान’ ॲपवर घरबसल्या नोंदणी होते. कार्डासाठी शुल्क नाही, त्यामुळे कुणी दोन-तीनशे रुपये मागत असेल तर ते योजनेचे पैसे नाहीत.

महात्मा फुले योजनेची चौकशी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर, आयुष्मानची १४५५५ वर करता येते.

कोणत्या आजारांत औषध सगळ्यांना मोफत?

इथे कार्ड, उत्पन्न, वय काहीच आड येत नाही. क्षयरोगाची औषधे सरकारतर्फे सर्वांना मोफत आहेत. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ती मिळू शकतात, डॉक्टरने ‘निक्षय’वर नोंद करायला हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात, पूर्वी ५०० होते. एचआयव्हीची एआरटी औषधे आणि कुष्ठरोगाची बहुविध औषधेही अशीच मोफत. रेबीजची लस आणि सर्पदंशावरची लस सरकारी दवाखान्यात पैसे न घेता दिली जाते. शेतीकामाच्या दिवसांत या तालुक्यात ही माहिती उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा महत्त्वाची आहे.

फवारणीचेही तसेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात पोहोचले. या विषबाधेतले अनेक रुग्ण ज्यावर वाचतात ते ॲट्रोपिन दुर्मीळ औषध नाही, अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. प्रश्न औषधाच्या किमतीचा नसून वेळेचा असतो. फवारणीनंतर मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहू नये, औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठावा.

गरोदर मातांसाठी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून आहे. प्रसूती साधी असो की सिझेरियन, सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, ने-आण मोफत. आजारी बाळासाठी हे वर्षभरापर्यंत लागू आहे. शाळा-अंगणवाडीतली १८ वर्षांपर्यंतची मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतून पुढच्या उपचाराला जातात.

सिकलसेलवर मात्र थोडे थांबायला हवे. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम, गोंड, परधान समाजाची वस्ती मोठी आहे आणि हा आजार विदर्भातल्या आदिवासी आणि काही दलित समाजांत जास्त आढळतो. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी नियमित घेतली तर वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सरकारी यंत्रणेतून द्यायची आहे. पण ही गोळी रक्ततपासणी करत करत, मात्रा बघत द्यावी लागते, म्हणून एकदा मोठ्या रुग्णालयात नोंद आणि नंतर नियमित फेऱ्या अटळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल येतो. त्याचे प्रमाणपत्र काढले तर सवलतींचे आणखी काही दरवाजे उघडतात. गोळी मोफत असूनही खंड पडतो तो बहुतेक वेळा प्रवासामुळे, हे लक्षात घेऊन तरी तिचा साठा तालुक्याच्या पातळीवर हवा.

जनऔषधी केंद्रात पात्रता काय?

काहीही नाही. डॉक्टरची चिठ्ठी असलेला कुणीही. नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला बरीच वर्षे कुणी विचारत नव्हते. २०१५ नंतर विस्तार झाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातले १०,००० वे केंद्र उघडले आणि आता हा आकडा १५,००० च्या पुढे आहे. दोन हजारांहून अधिक औषधे यादीत आहेत. किंमत ठरवण्याचे सूत्र असे की त्या औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त ती असू नये. प्रत्यक्षात ५० ते ९० टक्के स्वस्त पडते. समजा बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या ब्रँडेड गोळ्यांना महिन्याला ९०० रुपये लागतात, तर इथे ते ४५० च्या आतच यायला हवेत. वर्षाचे किमान ५,४०० रुपये वाचतात. सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र, औषधाचे नाव आणि दर दिसतात. घरून निघण्याआधी केंद्राला फोन करून औषध शिल्लक आहे का विचारलेले बरे, कारण यादीत असणे आणि फळीवर असणे यात फरक पडतो.

‘स्वस्त म्हणजे हलके’ ही शंका अनेकांना असते. या केंद्रांना माल देणाऱ्या कंपन्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे प्रमाणपत्र लागते आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून मगच केंद्रांकडे जाते. ब्रँडेड गोळीच्या किमतीत घटकाशिवाय जाहिरात, प्रतिनिधी, वितरण असे बरेच काही असते.

खरी अडचण वेगळी आहे. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर दुकानदाराने परस्पर दुसरी गोळी देणे नियमात बसत नाही. औषध नियमावलीतला ६५ (११अ) हा नियम सांगतो की ‘शेड्यूल एच’मधले औषध लिहून दिले असेल, तर त्याऐवजी दुसरी तयार गोळी, भले घटक तोच असो, देता येत नाही. म्हणजे स्वस्त औषधाची किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे. जेनेरिक नावाने, सुवाच्य अक्षरात लिहावे अशी डॉक्टरांच्या आचारसंहितेची अपेक्षा २०१६ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचे करणारे नियम आणले, विरोध झाला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. तेव्हा रुग्णाकडे उरते ती विनंती : ‘डॉक्टरसाहेब, घटकाचे नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेतो.’ बरेच डॉक्टर लिहून देतात. विचारायला संकोच वाटतो, एवढेच.

ज्यांना केंद्र लांब पडते, त्यांच्यासाठी साध्या दुकानातही किमतीवर मर्यादा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत आणि त्यांच्या कमाल किमती केंद्राचे औषध दर प्राधिकरण ठरवते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. ‘फार्मा सही दाम’ ॲपवर गोळीचे नाव टाकले की त्याच घटकाच्या इतर ब्रँडच्या किमती समोर येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि ३३ जीवरक्षक औषधांवर तो शून्य आहे.

धर्मादाय रुग्णालयात उत्पन्नाची अट किती?

इथे मात्र उत्पन्नाचा दाखला लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. निर्धन रुग्णाचे औषधही मोफत. दुर्बल रुग्णाला औषध रुग्णालयाच्या खरेदी दराने लावायचे, छापील किमतीने नाही. हा फरक बिलात मोठा दिसतो आणि तो विचारल्याशिवाय क्वचितच मिळतो. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड भरतीच्या वेळीच समाजसेवा विभागात द्यावे. कळंबचे लोक वर्धा, नागपूरकडे उपचाराला जातात. २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा-कळंब रेल्वेही झाली आहे. जाण्याआधी ते रुग्णालय धर्मादाय म्हणून नोंदलेले आहे का आणि खाट शिल्लक आहे का, हे विचारून निघावे.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी उत्पन्नमर्यादा १ लाख ६० हजार आहे. तोही गंभीर आजारात भरती रुग्णासाठी, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय कापला जात असलेल्या कामगाराला मात्र कुटुंबासह ओपीडीची औषधेही मिळतात. पगारपत्रकात ती कपात दिसते का, हे बघावे.

‘औषध शिल्लक नाही, बाहेरून आणा’ म्हटले तर?

सगळ्या पात्रतेची परीक्षा इथे होते. रुग्ण पात्र, डॉक्टर हजर, चिठ्ठी तयार आणि खिडकीवर औषधच नाही. महाराष्ट्रात सरकारी औषध खरेदीची घडी गेल्या काही वर्षांत वारंवार विस्कटली. २०१७ पासून खरेदी हाफकिनकडे होती, विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा औषधटंचाईचा मुद्दा विधिमंडळापासून न्यायालयापर्यंत गाजला. तमिळनाडूने हेच काम १९९४ मध्ये एका महामंडळाकडे सोपवले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले, ज्यात किती औषध उचलले आणि किती रक्कम शिल्लक हे दिसते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून तीच पद्धत घेऊन मोफत औषध योजना चालवली. महाराष्ट्राने शुल्क माफ केले हे चांगलेच झाले, पण माफीने रांग वाढते आणि रांगेच्या मानाने साठा वाढला नाही तर माफी केसपेपरपुरतीच उरते. केसपेपरची बचत फारच थोडी, बाहेरच्या चिठ्ठीचे बिल शेकड्यांत.

देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही ओपीडीतल्या रुग्णाच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग आजही औषधांचाच असतो आणि पाच लाखांची योजना नेमकी तिथेच पोहोचत नाही.

तूर्त रुग्णाच्या हातात काय आहे? औषध नसेल तर खिडकीवरून परत फिरण्याआधी केसपेपर घेऊन पुन्हा डॉक्टरकडे जावे आणि साठ्यात असलेले पर्यायी औषध लिहून देता येते का विचारावे. बीपीच्या औषधांत असा पर्याय बहुतेक वेळा निघतो. तो नसेल तर ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद केसपेपरवर मागावी. साठा संपल्यावर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करण्याची सोय असते, आणि अशा नोंदींमुळे ती मागणी पुढे जाते. तक्रार करायची तर ग्रामीण रुग्णालयाची वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि वर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राची तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि वर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एकाची तक्रार दुसऱ्याकडे गेली तर ती फक्त फिरत राहते. १०४ हा टोल फ्री क्रमांक आहे आणि ‘आपले सरकार’ पोर्टलवर लेखी तक्रारीचा क्रमांक मिळतो.

गोळी बदलली तर काय बघायचे?

खासगी डॉक्टरची ब्रँडेड गोळी घरात शिल्लक असते आणि सरकारी दवाखान्यातून किंवा जनऔषधीतून त्याच घटकाची दुसऱ्या नावाची गोळी येते. नावे वेगळी म्हणून औषधे वेगळी, असे समजून दोन्ही घेतल्या जातात आणि शुगर किंवा बीपी एकदम खाली जातो. पत्त्यावर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो आणि लहान अक्षरात घटक. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ही बीपी-शुगरमध्ये नेहमी दिसणारी घटकनावे. लहान अक्षरातले नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुळत असेल तर ती एकच गोळी आहे. वाचता येत नसेल तर पत्त्याचा फोटो काढून आशाताईला दाखवावा, किंवा पुढच्या फेरीला दोन्ही पत्ते पिशवीत घालून न्यावेत.